फोनशेजारची वही

२०११ साली रत्नागिरीत झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघांनी वेबसाइटचं काम सुरू केलं, तेव्हा माझी पुंजी म्हणजे नऊ वर्षांचं डीटीपी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेचे फ्लेक्स. साहजिकच आमच्या पहिल्या वेबसाइटही लग्नपत्रिकेसारख्या झाल्या. वर गणपती, खाली 'आपले सहर्ष स्वागत आहे'ची सरकती पट्टी, मग मालकांचे वडील, मालक, मालकांची मुलं. कुणाचा फोटो राहिला की रुसवा. माल काय विकतात ते तिसऱ्या पानावर. एका गिऱ्हाइकाने बासरी लावायला सांगितली, ती आम्ही लावली. पान उघडलं की वाजायची आणि ती बंद करायचं बटण द्यायला आम्ही विसरलो होतो.

डोळे उघडले ते एका आंबा बागायतदाराकडे. साइट आमच्या मते झकास होती: वजनाप्रमाणे पाच प्रतींचा तक्ता, बागेचा इतिहास, फिरणारे फोटो. एप्रिलात मी बिलाचे उरलेले पैसे आणायला गेलो. पडवीत आढी, म्हणजे पेंढ्यात पिकायला लावलेले आंबे, पेंढ्याचा आणि पिकत्या हापूसचा वास, आणि काकू फोनवर. "अर्धकच्चेच पाठवतो हो. पिकलेले वाटेत टिकत नाहीत. चार दिवस पेंढ्यातच ठेवा." फोन ठेवला, परत वाजला. परत तेच. तासभर मी चहा घेत ऐकत बसलो. न राहवून विचारलं, "काकू, हे सगळं साइटवर आहे ना?"

"असेल की. साइट बघूनच तर फोन करतात सगळे. बघतात आणि मग मला विचारतात."

हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी एक शंभरपानी वही नेऊन दिली आणि म्हटलं, जो प्रश्न येईल तो लिहा, फक्त प्रश्न. आठ दिवसांनी वहीत पुन्हा पुन्हा पाचच गोष्टी होत्या. कच्चा की पिकलेला? पुण्याला कधी पोचेल? डझन कसा दिला? खराब निघाला तर? आणि, थोडं चाचरत, कर्नाटकचा नाही ना? बागेचा इतिहास एकानेही विचारला नव्हता.

पण वहीपेक्षा मोठी गोष्ट मला पडवीत बसून मिळाली होती, ती काकू उलट काय विचारतात ही. "कधी खायचेत?" आणि "घरात माणसं किती?" एवढ्या दोन उत्तरांवर त्या सांगून टाकायच्या, "मग मधल्या आकाराची दोन डझन घ्या, सोमवारी पाठवते." समोरचा हो म्हणायचा. आमच्या तक्त्यात लोक अर्धा तास घोटाळत होते, काकूंकडे दोन मिनिटांत काम होत होतं. नवी साइट आम्ही काकूंच्या बोलण्यावर बांधली. उघडल्यावर पहिला प्रश्न: 'आंबे कधी खायचेत?' दुसरा: 'खाणारे किती?' मग एकच पेटी, तिची किंमत, पोचण्याचा वार. पाच प्रतींचा तक्ता खाली ठेवला, ज्याला हवा त्याने उघडावा. इतिहासाच्या जागी आढीचा फोटो आला. त्यावरून मालक दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हते.

हे शास्त्र आहे हे मला नंतर कळलं. पर्याय वाढले की निवडायला वेळ लागतो, हे हिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच मोजलं होतं. २००० साली प्रसिद्ध झालेला जॅमचा प्रयोगही सगळे सांगतात: २४ प्रकार मांडले तर चव बघणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांनी विकत घेतलं, ६ मांडले तर ३० टक्क्यांनी. मीही हा आकडा दोन-तीन मीटिंगांत फेकला आहे. पुढे २०१० मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला, तर सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. साड्यांच्या दुकानात माणूस चाळीस साड्या उलगडतो आणि तरी विक्री होते, कारण आधी तो 'कुणासाठी, कशासाठी, साधारण कितीपर्यंत' हे विचारून घेतो. नुसते पर्याय छाटायचे आणि प्रश्न विचारायचा नाही, तर गिऱ्हाईक तीन पर्यायांतही अडकतं.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पुढच्या सीझनला पाहणारे जवळजवळ सगळे मोबाइलवर. तेव्हापासून आमचा नियम, साइट चालू करण्याआधी पाच माणसांच्या हातात त्यांचाच फोन द्यायचा, शेजारी बसायचं आणि गप्प राहायचं. गप्प राहणं सर्वांत कठीण. खालचा झेरॉक्सवाला, रिक्षावाले मामा, समोरच्या निवृत्त बाई. या बाईंनी आमची इभ्रत काढली. पिनकोडच्या चौकटीत त्यांनी मराठी कीबोर्डवरून '४११०३०' असं लिहिलं आणि साइट म्हणाली, 'चुकीचा पिनकोड'. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा चुकीचा. "माझंच काहीतरी चुकतंय," म्हणून फोन खाली ठेवला. मराठी साइट, मराठी माणूस, आणि मराठी आकडे चालत नाहीत! आता दोन्ही आकडे चालतात आणि पिनकोड आम्ही सुरुवातीलाच विचारतो. पहिले तीन अंक कळले की टपालाचा जिल्हा कळतो, त्यावरून पोचण्याचा वार सांगता येतो, गावाचं नाव लिहायचे कष्टही वाचतात. (पिनकोड ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आमच्या जिल्ह्यातले, म्हणून जरा जास्तच माया.) 'कार्टमध्ये जोडा' हे बटण रिक्षावाल्या मामांनी मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिथे आता 'पेटी मागवा' आहे.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एका सीझनला दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाने आम्ही 'फक्त ३ पेट्या शिल्लक' अशी लाल पट्टी लावली. आकडा खरा नव्हता, कोडमध्ये तीन लिहिलेलं होतं. ऑर्डरी वाढल्या, आम्ही खूश. मे महिन्यात त्यांच्या जुन्या ग्राहकाचा फोन आला, "अहो, आठ दिवस झाले, तुमच्या तीनच पेट्या उरल्यात. कुणी घेत नाही का? बरा नाही का यंदा आंबा?" पट्टी त्याच संध्याकाळी काढली. ते ग्राहक मात्र पुढच्या वर्षी आले नाहीत. ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादीच काढली, त्यात खोटी घाई पहिलीच. आता कुणी तशी पट्टी मागितली तर मी यादी दाखवतो. त्याआधी नुसतंच 'नको' म्हणायचो, त्यामुळे दोन कामं हातची गेली.

वाट दाखवणं वेगळं आणि ढकलणं वेगळं. गिऱ्हाइकाला जे माहीत हवं ते त्याला हवं तेव्हा समोर ठेवलं, की ढकलायची गरज फारशी पडत नाही. २०१८च्या ऑक्टोबरात हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरलेल्या भागातल्याच आंब्याला ते नाव लावता येतं. आम्ही बागायतदाराचा नोंदणी क्रमांक तळाशी न टाकता किमतीशेजारीच लावला, कारण 'कर्नाटकचा नाही ना' हा प्रश्न किंमत वाचतानाच मनात येतो.

२०२०चं टाळेबंदीचं वर्ष आमच्यासाठी उलटं गेलं. बाजार विस्कळीत, बागा भरलेल्या, आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्या एकत्र पेट्या मागवू लागल्या. एक पत्ता, पन्नास नावं, प्रत्येकाचे पैसे वेगळे, अशी सोय आम्ही चार रात्रींत उभी केली. ती आजही वापरात आहे.

सध्या आम्ही सहाजण आहोत. कपाटात वह्यांचा गठ्ठा आहे: आंबा, काजू, एक दातांचा दवाखाना, दोन क्लास. गेल्या महिन्यात गुहागरकडचे एक होमस्टेवाले आले, हातात कुठल्याशा परदेशी हॉटेलच्या साइटची प्रिंट. "अस्संच पाहिजे." मी त्यांना वही दिली, फोनशेजारी ठेवा म्हटलं आणि आठ दिवसांनी या. ते चौथ्याच दिवशी आले. पहिल्या पानावर एकच ओळ अकरा वेळा: 'संडास-बाथरूम खोलीत आहे का?'

"आता हे काय वेबसाइटवर पहिलं लिहायचं?" ते जरा खट्टू होऊन म्हणाले.

मंगळवारी आमच्याकडे काम करणारा मुलगा कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. समुद्राचा फोटो त्यांच्याकडे आहेच. बाथरूमचा काढायचा आहे.