फोनने दुरुस्त केलेले वाक्य

मराठी माध्यमातून नववीत आलेल्या मुलाच्या मागे इंग्रजीची आठ वर्षे असतात, कारण महाराष्ट्रात २००० सालापासून हा विषय पहिलीपासूनच शिकवला जातो. तरीही यवतमाळ जिल्ह्याच्या दिग्रस-पुसद भागातील आमच्या शाळेत वही भरून इंग्रजी लिहिणारी आणि पाठाखालच्या प्रश्नांची उत्तरे घडाघडा म्हणून दाखवणारी मुले स्वतःचे एक साधे वाक्य मोठ्याने बोलायची वेळ आली की मान खाली घालतात. त्यांतील बरीच मुले तांड्यांवरून येतात. घरी गोरमाटी ही बंजारा बोली, गावात वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि टीव्हीवर हिंदी अशा चार भाषांत त्यांचा दिवस सहज जातो. भाषा शिकण्याची कुवत कमी आहे असे त्यांच्याबद्दल कोणीही म्हणू नये. कमी पडतो तो ऐकणारा माणूस. पन्नास मुलांचा वर्ग आणि पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्यासाठी एक मिनिटही येत नाही.

डिजिटल साधने म्हटली की आमच्याकडे सहसा दाखवण्याची साधने समोर येतात: स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर, बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दीक्षा ॲपवर उघडणारे व्हिडिओ. वीज असली तर ती उपयोगी पडतात, पण इंग्रजीच्या बाबतीत ती मुलाला प्रेक्षक करून सोडतात. म्हणून मी मागील हिवाळ्यात श्रुतलेखन उलटे करून पाहायचे ठरवले. नेहमी शिक्षक सांगतो आणि मुले लिहितात. येथे मुलांनी सांगायचे आणि फोनने लिहायचे. मोबाइलच्या कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून बोलले की अक्षरे उमटतात, ही सोय बहुतेकांच्या फोनवर असतेच. शाळेत नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या बाजूला मिळते, त्यामुळे भारतीय इंग्रजीचे ऑफलाइन पॅक मी घरूनच उतरवून आणले आणि शाळेत फोन विमान मोडवर ठेवला. मध्येच कोणाचा कॉल येऊ नये आणि मुलांचे आवाज फोनच्या बाहेर जाऊ नयेत, असे दोन्ही हेतू त्यात होते.

तो शनिवार होता, सकाळची शाळा. कापूस वेचणीचे दिवस असल्याने हजेरी विरळ होती, आणि अशा प्रयोगाला ते पथ्यावरच पडले. विषय दूरचा नको म्हणून मी सांगितले की आपल्या घरी सध्या जे काम चालू आहे, त्यावर प्रत्येकाने दोन-तीन वाक्ये इंग्रजीत सांगायची. पहिला पुढे आलेला मुलगा सावध होता. त्याने वाक्याऐवजी एकच शब्द उच्चारला, ‘पिक’, म्हणजे वेचणे. फोनने लिहिले ‘बिग’. त्याने आवाज चढवला. पुन्हा ‘बिग’. वर्ग हसला, आणि तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मी त पिकच म्हनलो जी, यानं बिग काऊन लिवलं?”

हा प्रश्न शिक्षकाला आनंद देणारा आहे, कारण त्याचे उत्तर उच्चारशास्त्रात आहे आणि ते कागदाच्या चिटोऱ्याने दाखवता येते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘प’सोबत हवेचा एक छोटा झोत बाहेर पडतो. मराठीत तो झोत ‘प’मध्ये नसतो, मराठी बोलणारा माणूस आपला कोरडा ‘प’ वापरतो आणि इंग्रजी कानाला तो कित्येकदा ‘ब’सारखा वाटतो. ट, क यांच्या जागी येणाऱ्या इंग्रजी ध्वनींचेही तसेच आहे. मी तोंडासमोर कागदाची पट्टी धरून दोन्ही प्रकारे उच्चार करून दाखवला. एकदा पट्टी स्थिर राहिली, दुसऱ्यांदा फडफडली. पुढची काही मिनिटे अख्खा वर्ग वहीच्या पानांच्या पट्ट्या फाडून ‘पिक, पिक’ करत होता. (वह्यांची ती अवस्था पाहून मुख्याध्यापकांनी नंतर विचारणा केली, तो भाग वेगळा.) मुलाची जीभ इंग्रजांसारखी वळावी असा माझा अजिबात आग्रह नाही. भारतीय उच्चाराची इंग्रजी जगात सर्वत्र समजते. परंतु आपला उच्चार नेमका कोठे आणि का वेगळा पडतो, हे मुलाला कळले की ‘मला येतच नाही’ ही भावना गळून पडते.

यानंतर एका मुलीने जे लक्षात आणून दिले, ते माझ्या नियोजनात कोठेही नव्हते. तिने पट्टीचा खेळ सोडून सरळ पूर्ण वाक्य सांगितले: आई शेतात कापूस वेचते, या अर्थाचे. तिचा ‘प’ आधीच्या मुलाइतकाच कोरडा होता, तरी फोनने ‘पिक्स कॉटन’ असे अचूक लिहिले. ती म्हणाली, “सर, एकटा शबद असला की ते गडबडते, आन् पुरं वाक्य सांगतलं की बराबर लिवते.” तिचे निरीक्षण बिनचूक होते. अशी यंत्रणा केवळ ध्वनी ऐकत नाही. आजूबाजूचे शब्द पाहून येथे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, याचा अंदाज बांधते. ‘कॉटन’च्या आधी ‘बिग्स’ येणार नाही, हे यंत्रणेला असंख्य वाक्यांच्या आधारे ठरवता येते. मग सुटे शब्द घोकून बोलण्यापेक्षा वाक्य बोलणे मुलांना अधिक सोपे वाटू लागले, आणि एरवी हात वर न करणारी मुले रांगेत उभी राहिली. फोन हसत नाही, घाई करत नाही आणि चूक झाली तरी पुन्हा ऐकतो, एवढे त्यांना पुरेसे होते.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत ही हकिगत सांगितली, तेव्हा गणिताचे सहकारी म्हणाले, “सर, मग तोंडी परीक्षेचे गुणही या फोनलाच देऊ द्या की. भेदभाव नाही, शिफारस नाही.” दहावीला इंग्रजीच्या शंभर गुणांपैकी वीस गुण शाळेकडे असतात आणि ते देताना हात सैल सुटतो, अशी कुजबुज सगळीकडेच असते, त्यामुळे त्यांचे म्हणणे केवळ थट्टेचे नव्हते. मलाही क्षणभर ते पटण्यासारखे वाटले.

सुट्टीनंतरच्या तासाला मात्र त्याचे उत्तर आपोआप मिळाले. आदल्या तासात मी फोन लिहीत असताना दुसऱ्या, जुन्या फोनवर साधे ध्वनिमुद्रणही चालू ठेवले होते. ते वर्गात पुन्हा ऐकवले. त्या मुलीच्या वाक्यात ‘पिक्स’मधला शेवटचा ‘स’ नव्हताच! तिने ‘माय मदर पिक कॉटन’ असे म्हटले होते. ‘स’ फोनने आपल्या पदरचा घातला होता. “मी पिकच म्हनली होती जी,” तिने स्वतःच मान्य केले. आम्ही आणखी वाक्ये ताडून पाहिली. कोणी आर्टिकल (ए, ॲन, द) गाळले होते आणि फोनने ते जागेवर बसवले होते. काही ठिकाणी मात्र त्याने चूक जशीच्या तशी ठेवली होती. दुरुस्ती केव्हा करायची आणि केव्हा नाही, याचा त्याचा नियम बाहेरून ओळखता येत नव्हता. अशा परीक्षकाच्या हाती गुण देता येत नाहीत, हे सहकाऱ्यांना सांगण्यासाठी मला वेगळा युक्तिवाद करावा लागला नाही; ध्वनिमुद्रण आणि मजकूर शेजारी ठेवले, एवढेच.

त्या ‘स’ची गोष्ट तेथे संपली नाही. मुलीची वही पाहिली तर तिने तेच वाक्य ‘स’सह बरोबर लिहिलेले होते. म्हणजे व्याकरण तिला येत होते. मराठीत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतेच, ‘मी वेचतो’ आणि ‘आई वेचते’, त्यामुळे ही कल्पना आमच्या मुलांना नवी नाही. अडचण जोडाक्षरांची होती: ‘पिक्स’चा शेवट आणि ‘कॉटन’ची सुरुवात यांत क, स, क असे तीन व्यंजन लागोपाठ येतात आणि वेगात मधला ‘स’ गिळला जातो. लेखी पेपर तपासताना हे मला कधीच दिसले नसते, आणि केवळ आवाज ओळखणाऱ्या फोनवर विसंबलो असतो तर त्याने ते झाकूनच टाकले असते. साधे ध्वनिमुद्रण, जे साध्या फोनमध्येही असते आणि ज्याला कोणी नव्या युगाचे साधन म्हणत नाही, ते येथे जास्त प्रामाणिक ठरले.

तेव्हापासून शनिवारच्या तासाला दोन्ही फोन लागतात. मूल आधी बोलते, लिहिणारा फोन त्याचे ऐकतो, मग ध्वनिमुद्रण ऐकून मूल स्वतःच्या शब्दांशी तो मजकूर ताडून पाहते आणि फोनने परस्पर केलेली दुरुस्ती लाल शाईने अधोरेखित करते. मुलींच्या एका गटाने अशा दुरुस्त्यांची वेगळी वही केली आहे. त्यात सर्वाधिक नोंदी क्रियापदाच्या ‘स’च्या आणि गाळलेल्या आर्टिकलच्या आहेत. आर्टिकल मराठीत नसल्यामुळे ती चूक बोलताना आणि लिहितानाही होते, म्हणून तिचा सराव मी आता वेगळा घेतो. घरी हा सराव होत नाही, कारण बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो सकाळीच वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर जातो. त्यामुळे जे काही करायचे ते शाळेतच करावे लागते, आणि वेचणी संपून वर्ग पुन्हा भरला की एका फोनमागे किती मुले बसवायची, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.