‘चि.’ लिहिलं की ‘चिकन’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काउंटरवर पत्रिकांचे नमुने चाळता चाळता लोकांची नजर माझ्या फोनवर जाते आणि ठरलेला प्रश्न येतो, “ताई, नवीन घेतलात? कसा आहे?” विचारणाऱ्याला कॅमेरा आणि बॅटरीबद्दल ऐकायचं असतं. माझी ठाण्यात पाचपाखाडीला डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून द्यायची, छोटीशी जागा आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, उत्तरकार्याची कार्डं असलं काम. त्यामुळे माझं उत्तर अक्षरांपासून सुरू होतं, आणि दुसऱ्या वाक्याला समोरचा “बरं बरं, कितीला पडला?” म्हणतो. तर १९,००० ला पडला. आता बाकीचं ऐका.

जुना मी हौसेनं बदलला नाही. पाच वर्षं झाली होती त्याला. एक दिवस मागचं झाकण एका कडेनं उचललेलं दिसलं. पडला असेल कुठेतरी, म्हणून मी ते दाबून बसवत होते. दुरुस्तीवाल्या मुलानं बघितल्या बघितल्या फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. बॅटरी फुगली होती. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की कधी कधी आत वायू धरतो आणि ती पुरीसारखी टम्म होते. ती दाबायची नसते, टोचायची नसते आणि घरच्या कचऱ्यात तर टाकायचीच नसते. मी नेमकं दाबत बसले होते. त्या मॉडेलची अस्सल बॅटरी काही मिळेना, मग राम मारुती रोडवर जाऊन नवा घेतला. खोक्यात नुसती केबल. चार्जर कुठाय विचारलं तर दुकानातला मुलगा म्हणाला, “काकू, आता असंच येतं.” दुकानात काकू, माझ्या काउंटरवर ताई. असो.

फोटो आले, नंबर आले, व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पाही आल्या. आलं नाही ते जुन्या कीबोर्डचं शिक्षण. पाच वर्षांत त्याला मी माझ्या धंद्याची भाषा शिकवली होती, म्हणजे न शिकवता तो शिकला होता. ‘आमचे’ लिहिलं की वरच्या पट्टीत ‘येथे’ हजर, मग ‘श्री’, मग ‘कृपेकरून’. तीन वेळा बोट टेकवलं की ओळ तयार. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, स्कूटरवरून उतरता उतरता मी मजकूर पुरा करायची. नव्या फोनात ‘आमचे’ लिहिलं तर पुढे ‘सर’ आला. आणि ‘चि. सौ. कां.’ लिहायला ‘चि’ टाकलं, तर मधल्या चौकटीत ‘चिकन’. घाईत बोट पडलं आणि वधूपित्याला प्रूफ गेलं. माणूस चांगला होता, हसला. पण घरी शाकाहारी मंडळी आहेत एवढं मात्र त्यानं आवर्जून कळवलं.

त्याहून मोठा घोळ आधीच झाला होता. फोन सुरू करताना कुठल्यातरी पानावर मी हिंदी कीबोर्ड निवडून बसले. देवनागरी ती देवनागरी, असं वाटलं. पहिल्याच पत्रिकेत ‘नवऱ्या मुलाकडील’चं ‘नवर्या मुलाकडील’ झालं. य च्या डोक्यावर रफार! दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या, हा फरक मराठीत लहान पोरालाही उच्चारातून कळतो. हिंदीला तो लागत नाही, त्यामुळे त्या कीबोर्डवर आपला ऱ समोर दिसतच नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर-फोनांसाठी जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, मात्र त्याला स्वतंत्र जागा आहे. सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड घेतला आणि तो सापडला. ‘ॲ’सुद्धा तसाच. युनिकोडनं त्याला २००८ मध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून घेतलं, तरी अजून निम्मे लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवतात आणि मला ते एकेक शोधून सुधारावे लागतात.

मग फोनचीच भाषा मराठी केली. मुलगी म्हणाली, आई, आता तुला काही सापडणार नाही. पहिले दोन दिवस खरंच सापडलं नाही. पण मेनूतला ल बदललेला दिसला आणि मी खूश. आपला ल पाकळ्यांचा, श देठाचा. शासनाच्या २००९ च्या निर्णयात हीच रूपं धरली आहेत आणि २०२२ ला पुन्हा तसं काढलं. दंडाचा ल हिंदीच्या वळणाचा. फॉन्टमध्ये दोन्ही आकार भरलेले असू शकतात. भाषा मराठी आहे असं सांगितलं तर तो आपला काढतो, नाही सांगितलं तर दुसरा. म्हणजे अडचण आपण न सांगण्याची. काही ॲपांना सांगूनही ऐकू येत नाही, ती गोष्ट वेगळी.

बोटाच्या ठशाचं तुम्ही विचारत नाही, पण मला त्यानं छळलं. दिवसभर कागद हाताळून माझी बोटं खडखडीत कोरडी. माझ्या फोनातला काचेखालचा सेन्सर बोटावर उजेड टाकून त्याचा फोटो काढतो. कोरड्या रेषा काचेला नीट टेकत नाहीत आणि फोन मला ओळखत नाही. कागद मोजायला काउंटरवर ओल्या स्पंजाची वाटी असते. एकदा सहज तिच्यावर अंगठा टेकवला, पुसला आणि काचेवर ठेवला. उघडला! आता तीच पद्धत आहे. बघणाऱ्याला वाटतं बाई पोस्टाची तिकिटं चिकटवतेय.

पहिल्याच दिवशी कागदवाला बिल घेऊन आला, ११,४०० चं. यूपीआय नव्या हँडसेटवर सुरू केलं की पहिले २४ तास ५,००० च्या वर पैसे जात नाहीत. चोरानं दुसऱ्या फोनात तुमचं खातं उघडलं तर एकदम धुवून नेऊ नये म्हणून. नियम चांगला आहे, पण तो मला कागदवाला समोर उभा असताना कळला. एटीएमला जाऊन आले. तुम्ही फोन बदलणार असाल तर महिन्याच्या देण्याघेण्याचा दिवस टाळा.

कॅमेरा छान आहे. पन्नास मेगापिक्सेल लिहिलंय. नेहमीचा फोटो चार बिंदूंचा एक करून साडेबाराचाच निघतो, आणि तेवढा भरपूर झाला. लोक तलावपाळीला रात्रीचे दिवे टिपतात, मी गोखले रोडवरच्या पाट्या टिपते. परवा ‘उपहारगृह’ सापडलं. उपहार म्हणजे भेटवस्तू हो, खायचं असतं ते उपाहारगृहात! फोटोतला मजकूर उचलून घेण्याची सोयही आहे. छापील कागद बरा वाचतो. हातानं लिहिलेल्या निमंत्रितांच्या यादीत मात्र त्यानं परबांचं ‘परत’ केलं.

कीबोर्डचं म्हणाल तर दोन महिने झाले. काल ‘आमचे’ लिहिलं आणि पट्टीत ‘येथे’ आलं, सर गेले. ‘चि’ टाकलं की आता पहिल्या चौकटीत ‘चि. सौ. कां.’ असतं. मधली चौकट अजून चिकनचीच आहे, कारण रविवारी सकाळी मीच भावाला विचारते, आणू का म्हणून.