लिस्बनमधलं १५१५ साल

१५ नंबरची ट्राम बेलेंला सोडते. जेरोनिमोस मठापुढे सकाळपासून रांग. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि तीन-चार वर्षांतच राजा मानुएलने हे काम काढलं. खर्च निघाला आफ्रिका आणि पूर्वेच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. ओवऱ्यांच्या कमानींवर जहाजाचे दोरखंड कोरलेत, पीळ मोजता येतील इतके स्पष्ट. चर्चमध्ये शिरताच वास्कोची समाधी. (आपल्याला वास्को म्हटलं की आधी गोव्यातलं रेल्वे स्टेशन आठवतं!)

मला मात्र गेंडा बघायचा होता. नदीकाठच्या बुरुजावर, एका टेहळणी-मनोऱ्याखाली त्याचं दगडी डोकं आहे. खाऱ्या वाऱ्याने इतकं झिजलंय की कुणी दाखवल्याशिवाय ओळखू येत नाही. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला हा नजराणा गोव्याहून जहाजात चढला आणि मे १५१५मध्ये इथे उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा आलाच नव्हता. राजाने हौसेने हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला.

तोवर राजा टेकडीवरचा किल्ला सोडून खाली नदीकाठी राहायला आला होता. वाड्याला लागूनच कासा दा इंडिया, म्हणजे मसाल्यांची सरकारी वखार. राजाच जणू पेढीवर बसला! १७५५च्या भूकंपात वाडा आणि वखार दोन्ही गेले. आज तिथे मोठा चौक आहे.

त्याच १५१५च्या नोव्हेंबरात याच राजाने आणखी एक हुकूम काढला. मेलेल्या गुलामांची प्रेतं उघड्यावर टाकली जात, कुत्री ती ओढत. म्हणून एक खोल खड्डा खणून त्यात वेळोवेळी चुना टाकावा, असा. ‘रुआ दू पोसू दुश नेग्रुश’, काळ्यांच्या विहिरीची गल्ली, हे नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. आमच्या वॉकिंग टूरमध्ये ही गल्ली नव्हती, आम्ही आपले आपण गेलो. दोन्ही बाजूंना कॅफे, छोटी दुकानं. सोळाव्या शतकाच्या मध्याला या शहरात दहा माणसांमागे एक गुलाम होता. बंदरावरची हमाली, घरोघरी पाणी भरणं त्यांच्याकडे. घराघरातली घाणीची मडकी डोक्यावरून नेऊन नदीत ओतायचं काम गुलाम बायकांचं. मिऱ्यांची जहाजंही त्याच नदीतून यायची.