घरी बसून लिहिणाऱ्याकडचं रेस्क्यू कुत्रं

दत्तक घेण्याच्या फॉर्मवर एक रकाना हमखास असतो: 'कुत्रं रोज किती तास एकटं राहील?' घरी बसून कथा-कादंबऱ्या लिहिणारा माणूस तिथे सरळ 'शून्य' लिहितो आणि सोडवलेली कुत्री ठेवणाऱ्या निवाऱ्यातले लोकही खूश होतात. माझ्या अनुभवात खरी अडचण त्या शून्यातच आहे. आधीच्या आयुष्यात एखादं घर, एखादा माणूस सुटलेलं कुत्रं नव्या घरी येतं आणि दिवसाचे चोवीस तास कोणीतरी डोळ्यांसमोर असतं. दोन-तीन महिन्यांत एकटं राहायची त्याला सवयच उरत नाही. मग सुट्टीवर जायची वेळ येते आणि दाराची चौकट कुरतडलेली सापडते. म्हणून एकटं राहण्याची शिकवणी मी पहिल्या आठवड्यापासून चालू ठेवते, बाहेर काही काम नसलं तरी.

आणण्याआधी निवाऱ्यात फार प्रश्न विचारून उपयोग नसतो, कारण पिंजऱ्यातलं वागणं घरात टिकत नाही. कुत्रं मध्यंतरी कोणाच्या घरी, फॉस्टरकडे, राहिलं असेल तर त्या माणसाशी बोलावं. एकटं ठेवल्यावर काय करतं, जेवताना जवळ गेलं तर गुरगुरतं का, झोपेत हात लावला तर दचकून चावतं का, एवढं कळलं तरी पुष्कळ. लसीकरणाचा कागद, जंताचं औषध दिल्याची तारीख आणि गोचीडतापाची रक्ततपासणी झाली आहे का, हेही विचारून घ्यावं. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांना दाखवायचं ते दाखवायचंच.

पहिल्या दिवसांत कुत्री पळतात ती बहुतेक दारातून किंवा पट्ट्यातून मान मागे खेचून. म्हणून छातीभोवती बांधायचा, पोटाखालीही पट्टा असलेला हार्नेस आणि गळपट्टा, दोन्हीला वेगवेगळी दोरी. अन्न एकदम बदलायचं नाही: सात ते दहा दिवसांत जुन्यात नवं मिसळत जायचं, आधी पाव भाग, मग अर्धा, मग पाऊण. घरात शू केली तर एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसायची. अमोनिया असलेल्या द्रावणाचा वास लघवीच्या जवळचा असल्यामुळे कुत्रं पुन्हा तीच जागा धरतं.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने हा ठोकताळा निवाऱ्यांमध्ये सांगतात: बावरलेपण जायला तीन दिवस, दिनक्रम कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. घाबरट कुत्र्याला प्रत्येक टप्प्याला दुप्पट वेळ धरावा. पहिल्या तीन आठवड्यांत मी नवं प्रकरण सुरू करत नाही. जुन्या मजकुराची दुरुस्ती करते, कारण ते काम कुठेही थांबवता येतं आणि पुन्हा धरता येतं.

लेखकाचं टेबल हाच एक धोका आहे. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन आणि कॉफीतलं कॅफिन कुत्र्याला विषारी. मनुके आणि द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सगळ्यात फसवं म्हणजे शुगरफ्री च्युइंगम: त्यात साखरेऐवजी घातलेल्या झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येते. पीनट बटरच्या डब्यावरही झायलिटॉल लिहिलेलं नाही ना, हे पाहूनच ते खेळण्यात भरावं. राहता राहिला छापलेला मसुदा. तो खाल्ल्याने सहसा काही होत नाही, पण त्याला लावलेली पिन मात्र धोक्याची.

लिहिण्याच्या वेळा कुत्र्याभोवती बसवल्या तर दोघांचंही बरं चालतं. प्रौढ कुत्रं दिवसाचे बारा ते चौदा तास झोपतं, त्यामुळे वेळ कमी पडत नाही. फक्त झोप कधी येणार ते आपण ठरवायचं. सकाळी अर्धा तास वास घेत हळू चालणं, मग खाणं, मग पंचेचाळीस मिनिटांची बैठक. भरभर चालवून आणलं तर कुत्रं उलट तापतं. मनसोक्त हुंगू दिलं तर घरी येऊन पसरतं. टेबलापासून दोन-तीन हातांवर चटई घालायची आणि ते आपणहून तिथे बसलं की न बोलता खाऊचा बारीक तुकडा चटईवर टाकायचा. बोललं की ते उठून येतं, म्हणून न बोलता. बैठकीच्या मध्येच पंजा मारून लक्ष मागितलं आणि आपण दिलं, तर उद्यापासून प्रत्येक परिच्छेदाला पंजा येणार हे धरून चालावं.

आता शिकवणी. सुरुवात घरातल्या घरात: बैठक चालू असताना खोलीचं दार मिनिटभर लोटायचं, उघडायचं, काहीच झालं नाही असं लिहीत राहायचं. दुसऱ्या बाजूने निघण्याच्या खुणा बोथट करायच्या. चपला, किल्ल्या, खांद्याला पिशवी यांनी कुत्रं आधीच कासावीस होतं. दिवसातून आठ-दहा वेळा किल्ल्या उचलायच्या आणि पुन्हा टेबलाशी बसायचं. किल्ल्यांकडे त्याने मान वळवणं सोडलं की खुणेतला जोर गेला.

मग बाहेर. पाच सेकंद, वीस, दहा, चाळीस, पंधरा. वेळ सारखी वाढवत नेली तर कुत्र्याला चढ कळतो आणि प्रत्येक वेळेआधीच ते ताठ होतं, म्हणून मधूनमधून सोपी फेरी. जुना फोन शेल्फवर ठेवून त्यावर व्हिडिओ कॉल लावायचा आणि दाराबाहेर उभं राहून बघायचं. ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, धापा, येरझाऱ्या ही पहिली पायरी. लाळ आणि रडणं ही पुढची. पहिल्या पायरीच्या आत परत यायचं. रडेपर्यंत थांबून 'सवय होईल' म्हणणं हा सगळ्यात जास्त दिला जाणारा आणि सगळ्यात वाईट सल्ला आहे, कारण अशाने सवय होते ती घाबरण्याची. घबराट बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात दिसते. त्यामुळे चाळीस मिनिटं शांत गेली की पुढचे टप्पे मोठे घेता येतात. सलग चार तासांच्या पुढे मी जात नाही.

कंटाळा आणि घबराट यांत गल्लत होते. खोलीच्या मधोमध चावलेली चप्पल म्हणजे बहुधा कंटाळा. दारं-खिडक्यांच्या कडा ओरखडलेल्या, जमिनीवर लाळ आणि खाऊ भरून ठेवलेलं खेळणं तसंच पडलेलं, ही घबराट. नखांतून रक्त येण्याइतकं असेल तर नुसत्या सरावाने भागणार नाही. फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखं घबराट कमी करणारं औषध डॉक्टर देऊ शकतात. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सराव त्याच्यासोबत चालूच ठेवायचा असतो.

कुत्र्याला शांत ठेवायला संगीत लावतात, त्याबद्दल बऱ्याच गोष्टी ऐकीव चालतात, पण थोडं तपासलेलंही आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डेबोरा वेल्स यांच्या २००२ च्या अभ्यासात निवाऱ्यातली कुत्री पाश्चात्य शास्त्रीय संगीताला शांत पडून राहिली आणि हेवी मेटलला जास्त भुंकली. पुढे ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटिश एसपीसीए ही प्राणिसंरक्षण संस्था यांच्या कामात दिसलं की रोज तेच शास्त्रीय संगीत लावलं तर परिणाम लवकर ओसरतो. २०१७ च्या त्यांच्या निबंधात सॉफ्ट रॉक आणि रेगेला हृदयाच्या ठोक्यांमधला बदल ताण कमी झाल्याच्या दिशेने गेला, आणि आलटूनपालटून लावणं बरं असा निष्कर्ष होता. म्हणून मी चार-पाच याद्या ठेवते आणि रोज बदलते. आवाज आपल्याला जेमतेम ऐकू येईल इतकाच. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा ४५,००० पर्यंत, त्यामुळे स्वस्त स्पीकरची जी चिरचिर आपल्याला जाणवत नाही ती त्याला छळू शकते. आणि मुख्य म्हणजे संगीत फक्त बाहेर जाताना लावायचं नाही. तसं केलं की पहिला सूर हीच किल्ल्यांची खूण होऊन बसते. लिहिताना, जेवताना, काहीच करत नसताना लावायचं.

संगीताहून मला जास्त उपयोगी पडलं ते वाचन. २०१६ च्या एका ब्रिटिश अभ्यासात निवाऱ्यातली कुत्री संगीतापेक्षा ऑडिओबुकला जास्त वेळ पडून राहिली. वेल्स यांच्या अभ्यासात मात्र नुसत्या संभाषणाच्या रेकॉर्डिंगने फरक पडला नव्हता, तेव्हा हा रामबाण समजू नये. लेखकाला तसाही मसुदा मोठ्याने वाचावाच लागतो, संवाद कुठे अडखळतात ते त्याशिवाय कळत नाही. संध्याकाळच्या खाण्यानंतर वीस मिनिटं एका लयीत वाचायचं, भांडणाचे प्रसंगही सपाट आवाजात. हेच वाचन फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचं. ते सुट्टीत कामाला येतं.

सुट्टीला कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवणं रेस्क्यूसाठी मला शेवटचा पर्याय वाटतो. जाळ्या, भुंकण्याचा गलका, अनोळखी माणसं: त्याच्या लेखी तो पुन्हा निवाराच. ठेवावंच लागलं तर केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस दोन आठवडे आधी द्यावी. बरा उपाय म्हणजे आपल्याच घरी येऊन राहणारं माणूस. त्याची ओळख टप्प्याने: एकदा बाहेर एकत्र चालणं, एकदा त्याच्या हातचं खाणं, एकदा ते घरात असताना आपण दोन तास बाहेर, मग एक रात्र. ती रात्र नीट गेली तरच तिकिटं.

त्या माणसासाठी मी एक पान लिहून ठेवते, आणि लेखकाला हे पान आखडतं लिहिणं फार जड जातं. बोलावण्याचे शब्द जसे घरात वापरतो तसेच, खाण्याचं माप ग्रॅममध्ये, गुरगुरलं तर रागावू नका, मागे सरका. दोन दोऱ्यांचा नियम ठळक अक्षरांत, कारण माणूस बदलला की पळून जायचा धोका पुन्हा पहिल्या दिवसाइतका होतो. डॉक्टरांचा नंबर, आणि आपला फोन लागला नाही तरी कुठवर उपचार करायचे याची लेखी परवानगी. गळपट्ट्यावरच्या बिल्ल्यात त्या माणसाचा नंबर, कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या मायक्रोचिपच्या नोंदणीत आपला चालू नंबर. आपल्या वासाची न धुतलेली चादर बाहेर काढून ठेवायची आणि वाचनाची रेकॉर्डिंग रोजच्याच वेळी लावायला सांगायची.

बरोबर न्यायचं असेल तर निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं, गाडीत हार्नेसला सीटबेल्ट, दर दोन तासांनी थांबा, आणि उभ्या गाडीत पाच मिनिटंही एकटं सोडायचं नाही. मुक्कामी पोचल्यावर घरचे चार तास तिथे धरता येत नाहीत. नव्या खोलीत पुन्हा पाच सेकंदांपासून सुरुवात, फक्त या वेळी टप्पे लवकर पार पडतात. परतल्यावरही दोन-तीन दिवस कुत्रं पायात घोटाळतं. त्या दिवसांत किल्ल्यांचा सराव पुन्हा थोडा करावा आणि संपादकाला दिलेली तारीख निदान एका आठवड्याने पुढची असावी.