डावी कूस

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आम्हा फिजिओथेरपिस्टना बोलावणं येतं ते कॉल बुकातून. त्या दिवशी लिहिलं होतं, ‘चेस्ट फिजिओ, दिवसातून ४ वेळा’. कुठल्या कुशीवर, किती वेळ, फीडच्या आधी की नंतर, काही नाही. रेसिडेंट डॉक्टरांना फिजिओ ही गोळीच वाटते.

बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, १,१८० ग्रॅमचं, दोन दिवसांपूर्वी व्हेंटिलेटरवरून सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर, आलेलं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग मिटलेला. एवढ्याशा छातीवर थापट्या मारायच्या नसतात. डोक्याला हिसके बसले तर मेंदूला इजा व्हायची भीती असते. मग हाती उरतं ते कूस बदलणं, आणि बाळ श्वास सोडत असताना दोन बोटांच्या टोकांनी दिलेली हलकी कंपनं. मिटलेली बाजू वर राहिली की चिकट स्राव सुटून यायला मदत होते. मी कार्डावर ठळक लिहिलं, ‘डावी कूस’, आणि इन्क्युबेटरला चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाळ पालथं. भोवती जुन्या सुती कापडाची चुंबळ, गुडघे पोटाशी, मूठ तोंडाजवळ. बांधणी देखणी होती, पण मी सांगितलेलं ते नव्हे.

“सिस्टर, कार्ड कुणी वाचलंच नाही का?” माझा आवाज चढलाच.

रात्रपाळीच्या सिस्टर हँडओव्हर देत होत्या. रात्रभर सात बाळं आणि दोघी जणी. त्यांनी वाद घातला नाही, चार्ट पुढे सरकवला. “वाचलं ना मॅडम. पण डाव्या कुशीवर त्याला सोसत नाही. तीनदा लावून बघितलं.”

१२.४०, डावी कूस, ८४. २.१०, डावी कूस, ८३. ३.५०, डावी कूस, ८४. मध्ये पालथं, ९३. हे आकडे सॅच्युरेशनचे, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के. आम्हाला ते ९० ते ९५ हवं असतं.

मोठ्या माणसाचं एक फुप्फुस आजारी असेल तर चांगली बाजू खाली ठेवतात, ऑक्सिजन सुधारतो. तान्ह्या बाळात उलटं, जे फुप्फुस वरच्या बाजूला असतं त्यात हवा जास्त खेळते. म्हणजे मिटलेली बाजू वर ठेवून मी त्याचा श्वासच तोकडा करत होते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, परीक्षेत लिहिलं होतं. कार्ड लिहिताना मात्र डोक्यात नुसता स्राव होता.

मग तिथेच उभ्या-उभ्या ठरवलं. फीड दर दोन तासांनी, १४ मिली, नळीतून. ते द्यायच्या आधी दहाच मिनिटं डावी कूस, तेही डायपर बदलायच्या वेळेला जोडून, म्हणजे बाळाला दोनदा हात लागणार नाही. माझी बोटं छातीवर, सिस्टरची नजर मॉनिटरवर. त्या “बस” म्हणाल्या की मी थांबायचं. सक्शन, म्हणजे नळीने स्राव ओढून काढणं, घड्याळ बघून नाही, स्राव वाजला तरच. मग पालथं आणि फीड. दिवसपाळीच्या सिस्टरनी एकदा मला चौथ्या मिनिटालाच थांबवलं. हात काढून घेताना बरं वाटलं नाही, खरं सांगते.

तिसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत तो भाग उघडला होता. राउंडला सर म्हणाले, “फिजिओने छान काम केलं.” मी “थँक यू सर” म्हणाले. सिस्टर तेव्हा पलीकडच्या बाळाची सलाइन बघत होत्या.

केसपेपरवर माझ्याच अक्षरात आहे, ‘चेस्ट फिजिओ दिली, प्रतिसाद चांगला’. रात्रीचा चार्ट वेगळ्या फायलीत जातो.