चाळीस मिलिमीटर

शनिवारी दुपारी जेवणं उरकली आणि मी गॅरेजमध्ये जाऊन जुन्या टायरशेजारी नवा टायर उभा केला. जुना १८५/६० आर १४, नवा २२५/४५ आर १५. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; शेवटचा रिमेच्या व्यासाचा, इंचांत. कागदावर फरक चाळीस मिलिमीटरचा, म्हणजे दोन बोटांचा. पण शेजारी शेजारी बघितलं की जुन्याची दया येते. नवरा ताकाचं भांडं हातात घेऊन दारात आला, दोन्हींकडे बघून घेतलं आणि म्हणाला, ''अगं, हे मावणार कुठे?''

प्रश्न रास्त आहे. मी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवते ती गाडी १९९१ची माझदा मियाटा, दोन माणसांची. तिसरं कोणी आलंच तर त्याने बसने यावं. इंजिन १.६ लिटरचं, ११६ हॉर्सपॉवर. वजन हजार किलोच्या आतबाहेर. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या रिमा साडेपाच इंच रुंद होत्या. त्यांच्यावर २२५ चढवायचा म्हटलं तर टायर दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर येईल आणि वळणावर लडबडेल. म्हणून आठ इंची रिमा आल्या. रिम रुंद झाली तशी ती मडगार्डच्या कडेला लागायला लागली, म्हणून मडगार्डची आतली कड दुमडणं आलं. चाक काढून हबला एक रोलर बोल्टने बसवायचा, हीट गनने रंग चांगला तापवायचा (थंड पत्रा वळवला तर रंगाचे टवके उडतात) आणि रोलर इकडून तिकडे हळूहळू फिरवत कड आत दाबायची. पत्रा कुरकुरत वळतो. हे काम मला मनापासून आवडतं. त्यात कुणी बोलायला आलं तर राग येतो.

बाहेरच्या घेराचा हिशेब मात्र सोपा असतो. जुन्या टायरचा व्यास ५७८ मिलिमीटर, नव्याचा ५८३ आणि काही. स्पीडोमीटरला पत्ता लागणार नाही. मधला मार्गही होता, २०५/५० आर १५. इथे अमेरिकेत स्पेक मियाटा नावाच्या शर्यतींत सगळे तोच टायर सात इंची रिमवर घालतात आणि गाड्या दाराला दार घासून पळवतात. शहाण्या माणसाने तिथे थांबावं. पण २०५ बघितला की २२५ दिसायला लागतो, याला माझ्याकडे औषध नाही.

शाळेत शिकवलं होतं की घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर त्या शाळेत गेलेलं नाही. तरी ढोबळ हिशेब करून बघण्यासारखा आहे. माझ्यासकट गाडी हजार किलो धरा, म्हणजे एका चाकावर अडीचशे. टायरमधली हवा दर चौरस इंचाला २८ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोला जरा कमी. भागाकार केला की रस्त्याला टेकणारं रबर येतं सव्वाशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. आपलं साधं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं असतं. अख्खी गाडी चार पोस्टकार्डांवर उभी. आणि टायर रुंद केला, हवा तेवढीच ठेवली, तर पोस्टकार्ड फारसं मोठं होत नाही. आडवं ताणलं जातं आणि पुढून-मागून आखूड होतं. वळणावर त्या ठशाचा मागचा भाग आधी घसरायला लागतो, ठसा आखूड असला की ते घसरणं उशिरा सुरू होतं. शिवाय तापायला रबर जास्त मिळतं, त्यामुळे दहाव्या लॅपलाही टायर पाघळत नाही. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप, आणि बँकेतल्या पैशांचं जे काय व्हायचं ते होतं.

माझे वडील एसटीत होते, सांगलीला, डेपोच्या टायर सेक्शनला. सुट्टीच्या दिवशी त्यांचा डबा घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं. डबा पोचवायला पाच मिनिटं लागायची, मी दोन तास थांबायची. शेडमध्ये शिरलं की आधी वास यायचा, तापलेल्या रबराचा आणि सोल्युशनचा. मग डोळे सरावले की अंधारात एकावर एक रचलेले टायर दिसायचे, माझ्या डोक्यापेक्षा उंच. प्रत्येक टायरला नंबर, आणि त्या नंबराची वहीत नोंद: कधी बसवला, कुठल्या गाडीला, किती किलोमीटर चालला, कधी काढला, रिमोल्डला, म्हणजे झिजल्यावर नवं रबर चढवायला, कधी गेला. वडील खडूने टायरच्या कुशीवर मोठ्ठा आकडा काढायचे, मग बोटं खाचांतून फिरवत अडकलेले खडे चाचपायचे आणि स्क्रूड्रायव्हरने एकेक उडवायचे. खडा टण्णकन पत्र्यावर जाऊन आपटला की माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. घरी हा माणूस कधी भुवया उडवताना दिसला नाही.

तिथे एक नियम होता, तो मला पाढ्यांसारखा पाठ झाला. पुढच्या धुरीला नवाच टायर, रिमोल्ड मागे. मागे जोडीने चाकं असतात, एकाने दगा दिला तर दुसरं सांभाळून घेतं. पुढे एकेकटंच, आणि ते फुटलं की स्टेअरिंग धरणाऱ्याचं कसब कामाला येत नाही, असं वडील म्हणायचे.

खडू माझ्याही पेटीत असतो. लागुना सेका या शर्यतीच्या ट्रॅकला गेलं की गाडी उतरवण्याआधी टायरच्या खांद्यावर, जिथे ट्रेड, म्हणजे खाचांचा भाग, संपून कुशी सुरू होते तिथे, आडव्या रेघा ओढायच्या. काही लॅप मारून आलं की रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. फार खाली पुसली असेल तर टायर वळणावर कुशीवर लोळतोय, हवा वाढवा. जरासुद्धा पुसली नाही तर कमी करा. शेजारचा पोर्शेवाला तीच गोष्ट महागड्या यंत्राने तापमान मोजून करतो. आम्ही दोघे साधारण सारख्याच उत्तराला येतो, तो जरा जास्त दशांशांत.

तर लागुना सेका. कॅलिफोर्नियात माँटेरेजवळ, १९५७पासूनचा ट्रॅक, अकरा वळणं. त्यातलं आठवं म्हणजे कॉर्कस्क्रू. चढावर येऊन ब्रेक मारायचा, पुढे नुसतं आभाळ दिसतं, आणि मग जमीन साडेचारशे फुटांत एकोणसाठ फूट खाली जाते, तीही डावीकडे-उजवीकडे वळत. त्याआधीचा चढ माझ्या ११६ घोड्यांना फार लांब वाटतो. सहाव्या वळणातून जो वेग घेऊन निघाल तोच वर न्यायचा, इंजिनकडून फारशी भर पडत नाही. रुंद टायरचा खरा उपयोग तिथे. १८५वर जिथे पाय उचलावा लागायचा तिथे २२५वर उचलावा लागत नाही. वेळ कमी झाला, ही गोष्ट घड्याळात दिसते, नाकारण्यात अर्थ नाही.

पण १८५ बोलायचा. वळणात शिरलं की आधी बारीक कण्हायचा, मग सूर चढवायचा, मग मागची बाजू हलकेच बाहेर सरकायला लागायची आणि मी स्टेअरिंग जरासं सोडलं की परत रांगेत यायची. हे सगळं वाहतुकीची दिंडी चालावी इतक्या वेगात, तरी अंगावर शहारा. २२५ गप्प असतो. धरतो, धरतो, धरून ठेवतो, आणि सोडायचं ठरवलं की फार चर्चा करत नाही. पॉवर स्टेअरिंग नसल्यामुळे दुपारपर्यंत दंड भरून येतात. पुढच्या चाकांचे बेअरिंगही या चिकट टायरांपुढे लवकर हाय खातात, तो खर्च वेगळा लिहावा लागतो. टोयोटाने २०१२मध्ये जीटी ८६ ही स्पोर्ट्स गाडी काढली तेव्हा तिला प्रियस या पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीच्याच जातीचे टायर घातले होते, २१५चे, साधे. मुद्दाम. गाडीने जरा घसरावं, चालवणाऱ्याला मजा यावी म्हणून. लोकांनी पहिलं काम काय केलं, तर ते टायर काढून रुंद घातले. मला त्या लोकांचा राग येतो. गॅरेजमध्ये काय पडलंय ते इथे लिहिलेलंच आहे.

एक सवय सांगायची राहिली. मी टायरच्या जन्मतारखा वाचते. कुशीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. मंडळाच्या गणपतीला गेलं की नवरा आणि मुलं आत जातात, मी पार्किंगमधून जरा रेंगाळत जाते. पैठणीचा पदर सावरत लोकांच्या चाकांशी वाकलेली बाई बघून एकदा एकांनी विचारलं, ''काही पडलं का तुमचं?'' टेस्ला चकचकीत, आणि मागचे दोन टायर तारांपर्यंत झिजलेले. आरतीच्या ताटात पैसे टाकताना माझ्या डोक्यात तोच टायर असतो.

आमचे मोठे भाऊजी फार थोडी गाडी चालवतात. देऊळ, किराणा, आणि वर्षातून एकदा सगळ्यांना घेऊन डोंगरातलं ताहो सरोवर. त्यांच्या व्हॅनच्या पुढच्या टायरवर १४११ लिहिलंय. २०११. गाडी बनवणारे सहा वर्षांनी बदला म्हणतात, टायर बनवणारे फार तर दहा. खाचा अजून खोल आहेत, पण कुशीवर नखाने दाबलं की रबर दबत नाही, आणि जवळून बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात. मी सांगितलं. भाऊजी म्हणाले, ''अगं, ट्रेड केवढा शिल्लक आहे बघ. तुझं ते रेसिंगचं खूळ इथे नको.'' जाऊबाई हसल्या. सगळे हसले.

यंदा ताहोला आम्ही आमच्या दुसऱ्या, घरच्या गाडीने गेलो. भाऊजींची मुलं आमच्याबरोबर, मागच्या सीटवर दाटीवाटीने. भाऊजींना ते लागलंय, दिवाळीला फोनवर जेवढ्यास तेवढं बोलले. पुढच्या वर्षीही असंच करणार आहे.