तीनदाच बेल वाजवा

परवा रात्री झोपायच्या आधी म्हणून अन्नपूर्णादेवींनी सूरबहारवर वाजवलेला मांज खमाज राग लावला आणि झोपेचं पार खोबरं झालं. रेकॉर्डिंग जुनं, खरखरीत, तरी बाई एकेका सुरावर इतक्या निवांत थांबतात की ऐकताना आपलाच श्वास अडकतो.

सूरबहार म्हणजे सतारीचं थोरलं भावंड समजा. तारा जाड, आवाज खर्जातला आणि सूर लवकर विरत नाही, त्यामुळे एकदा छेडलं की तार ओढत ओढत लांबलचक मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, काढता येते, आलाप-जोडासाठीच, म्हणजे तबल्याविना रागाच्या निवांत सुरुवातीसाठीच जणू घडवलेलं, पण त्या जाड तारा ओढायच्या म्हणजे बोटांची काय हालत होत असेल!

अन्नपूर्णादेवींचा जन्म १९२७ चा, मैहरचा. वडील म्हणजे सरोदवादक आणि थोर गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ. थोरल्या मुलीला सासरी गाण्यापायी त्रास झाला म्हणून धाकटीला शिकवायचंच नाही असं बाबांनी ठरवलेलं, पण भाऊ अली अकबर रियाजात चुकला आणि हिने खेळता खेळता ती जागा बरोबर गाऊन दाखवली, बाबांनी ऐकलं आणि तालीम सुरू झाली, असं सांगतात. आधी सतार, मग सूरबहार.

पुढे रविशंकरांशी लग्न, दुरावा वगैरे. नेटवर त्याचंच दळण जास्त, वैताग येतो. बाईंचे जाहीर कार्यक्रम थांबले म्हणून 'करिअर संपलं' म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. सतारवादक निखिल बॅनर्जी त्यांच्याकडे शिकले, बासरीवादक नित्यानंद हळदीपूर शिकले. हरिप्रसाद चौरसिया तर तेव्हा चांगले नावाजलेले होते तरी बाई त्यांना शिकवायला तयार नव्हत्या, मग त्यांनी नव्याने सुरुवात करायची म्हणून बासरी धरायची बाजूच बदलली!! आणि बाई शिकवायच्या गाऊन, म्हणजे समोर सतार असो, सरोद असो नाहीतर बासरी, आधी गळ्यातून जागा, म्हणजे सुरावट, द्यायच्या आणि ती आपापल्या वाद्यावर कशी आणायची ते शिष्याने बघायचं.

मुंबईतल्या त्यांच्या दारावर पाटी होती म्हणे, बेल तीनदाच वाजवा, दार नाही उघडलं तर चिठ्ठी ठेवून जा. १९७७ ला पद्मभूषण मिळालं तरी दार तसंच. २०१८ मध्ये गेल्या.

मांज खमाज संपल्यावर मी लगेच हळदीपूरांचा बासरीवरचा आलाप लावला, तीच सबुरी सापडते का बघायला. सापडली असं वाटतंय, पण तेवढ्यात आतून आवाज आला, दोन वाजलेत, हेडफोन लाव.